मायक्रॉनच्या पुढचं मोजमाप : प्रस्तावना

सीएनसी मशिनला शंभर मिलिमीटर सांगितले की अक्ष शंभरच सरकतो की चार मायक्रॉन कमी, हे तपासायला भोसरी-चाकणच्या कारखान्यांत लेझर घेऊन माणूस येतो. तिपाईवर लेझरची पेटी, मधे प्रकाश दुभागणारी काच आणि मशिनच्या हलत्या भागावर परावर्तक एवढाच त्याचा पसारा. प्रकाशाचा एक भाग स्थिर परावर्तकाकडे जातो, दुसरा हलणाऱ्याकडे. दोन्ही परतून एकमेकांत मिसळतात, आणि उजेड-अंधाराच्या मोजणीतून अक्ष नेमका किती सरकला ते कळतं. हा इंटरफेरोमीटर. त्याचं तत्त्व अल्बर्ट मायकेलसननं १८८० च्या दशकात वापरात आणलं. त्याच तत्त्वावरच्या, पण चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेल्या यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत पहिली गुरुत्वीय लहर नोंदवली. आपल्याकडे तेव्हा दुपारचे ३ वाजून २० मिनिटं झाली होती. सोमवार होता, गणपती तीन दिवसांवर आले होते आणि आपल्या पट्ट्यात फर्स्ट शिफ्ट सुटायची वेळ होती.

हे पुस्तक गुरुत्वीय लहरींचं असलं तरी मी ते मोजणाऱ्या माणसांसाठी लिहिलं आहे. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत स्टँडर्ड रूममध्ये, इन्स्पेक्शनला, कॅलिब्रेशनला काम करणाऱ्यांच्या रोजच्या बोलण्यात मायक्रॉन असतो. शंभर मिलिमीटरचं पोलादी स्लिप गेज एका अंशाच्या फरकानं मायक्रॉनहून जास्त वाढतं, म्हणून खोली २० अंशांवर ठेवायची, जॉब आत आणल्या आणल्या मोजायचा नाही, गेज उगाच हातात धरून ठेवायचं नाही, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. या विषयावरचं जे मराठी लेखन माझ्या वाचनात आलं ते बहुधा आइन्स्टाइनपासून सुरू होतं, कृष्णविवरांपाशी रेंगाळतं आणि यंत्र शेवटच्या दोन पानांत उरकतं. मला वाटतं, या शोधाचा गाभा यंत्रात आहे. आणि यंत्राची भाषा ज्याला आधीपासून येते असा वाचक आपल्याकडे मोठ्या संख्येनं असूनही त्याला या विषयाचं आमंत्रण कुणी दिलेलं नाही.

लहर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, सविस्तर पुढे येईलच. १९१५ मध्ये आइन्स्टाइननं गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. वस्तुमानामुळे अवकाश आणि काळ वाकतात आणि त्या वाकण्यालाच आपण गुरुत्वाकर्षण म्हणतो, असं तो सांगतो. १९१६ मध्ये त्यानं त्यातून पुढचा निष्कर्ष काढला : जड वस्तू वेगानं हलल्या की हे वाकणं प्रकाशाच्या वेगानं बाहेर पसरत जाईल. अशी लहर एखाद्या ठिकाणाहून जाताना तिथलं अंतर एका दिशेनं किंचित ताणलं जातं, काटकोनातल्या दिशेनं किंचित आखडतं, आणि क्षणात उलट होतं. खुद्द आइन्स्टाइनलाही याची कायम खात्री नव्हती. १९३६ च्या सुमारास अशा लहरी नसतातच, असं त्याला काही काळ वाटत होतं. लहरी ऊर्जा वाहून नेतात की तो केवळ गणिताचा भास आहे, हा वाद १९५७ मध्ये अमेरिकेतल्या चॅपेल हिलच्या परिषदेनंतर निवळू लागला.

परिणाम खरा असला तरी तो किती मोठा, हा प्रश्न उरतोच. २०१५ ची लहर सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरून आली होती. सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत एकत्र आली, ६२ पटींचं एक कृष्णविवर बनलं, आणि उरलेल्या तीन सूर्यांइतकं वस्तुमान सेकंदाच्या एका छोट्या भागात लहरींच्या रूपानं निघून गेलं. त्या क्षणी त्या एका घटनेची शक्ती दृश्य विश्वातल्या सगळ्या ताऱ्यांच्या प्रकाशापेक्षा जास्त होती. आपल्यापर्यंत पोचली तेव्हा तिनं चार किलोमीटरची भुजा जेमतेम ४ × १०⁻¹⁸ मीटरनं हलवली. कारखान्याच्या मापात सांगायचं, तर एका मायक्रॉनचे पंचवीस हजार कोटी भाग करायचे आणि त्यातला एक भाग घ्यायचा.

हा आकडा ऐकून मापं घेणारा माणूस लगेच एक शंका काढतो, आणि ती अगदी रास्त आहे. आरसा अणूंचा बनलेला आहे. एक अणूच या अंतराच्या कोट्यवधी पट मोठा. आरशाचा पृष्ठभाग कितीही पॉलिश केला तरी त्यात अणूंइतके उंचवटे राहणार, शिवाय उष्णतेनं प्रत्येक अणू सतत थरथरत असणार. मग आरसा अणूच्या कोट्यंश भागानं हलला याला अर्थ तरी काय? ही शंका ज्याला येत नाही त्याला उत्तराची गोडीही कळणार नाही, म्हणून इथं थोडं थांबू.

उत्तराचा पहिला भाग सरासरीचा आहे. आरशावर पडणारी लेझरची शलाका काही सेंटिमीटर रुंद असते. ती कुठल्याही एका अणूची जागा वाचत नाही. तिच्याखाली आलेल्या असंख्य अणूंची सरासरी जागा ती वाचते, आणि इतक्या अणूंच्या वेड्यावाकड्या थरथरी एकमेकींना जवळजवळ पूर्णपणे खोडतात. पृष्ठभागाच्या खडबडीतपणाचा तर प्रश्नच येत नाही, कारण तो जागच्या जागी आहे आणि आपण मोजतो आहोत तो बदल. डायल गेज शून्यावर लावून पुढची हालचाल वाचणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. दुसरा भाग वारंवारितेचा. भुजेची एकूण लांबी किती, हे या यंत्राला इतक्या बारकाईनं ठाऊक नसतं आणि त्याची गरजही नाही. चंद्र-सूर्याच्या ओढीनं पृथ्वीचा कठीण भागही फुगतो-उतरतो, आणि त्यानं चार किलोमीटरच्या भुजेची लांबी दिवसाकाठी शे-दोनशे मायक्रॉननं बदलते. ते बदल संथ आहेत. यंत्राची नियंत्रणं आरशांना हलक्या हातानं ढकलत ते भरून काढतात. शास्त्रज्ञ पाहतात ते सेकंदाला साधारण वीस ते काही हजार वेळा होणारं कंपन. त्या पट्टीत आरसा शांत असला की काम झालं.

आता तो शांत कसा ठेवायचा? लायगो नावाच्या या प्रकल्पाची दोन केंद्रं आहेत, एक वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्डला आणि दुसरं लुइझियानात लिव्हिंग्स्टनला. तिथं प्रत्येक भुजेच्या टोकाचा आरसा ४० किलोचा, शुद्ध सिलिका काचेचा, ३४ सेंटिमीटर व्यासाचा. तो चार मजली लोलकाच्या सर्वांत खाली टांगलेला असतो, आणि शेवटचे धागेही काचेचेच, अर्ध्या मिलिमीटरहून बारीक. पोलादी तार वापरली तर तिच्या स्वतःच्या उष्णतेची थरथर आरशापर्यंत पोचते. काचेच्या धाग्यात ती खूपच कमी राहते. लोलकाच्या वर जमिनीचं कंपन ओळखून उलट दिशेनं ढकलणारे मंच आहेत. लेझरच्या प्रकाशाची तरंगलांबी १.०६४ मायक्रॉन, म्हणजे आपल्या ओळखीच्या मायक्रॉनइतकीच. एकाच भुजेत प्रकाश सुमारे ३०० फेऱ्या मारतो, त्यामुळे चार किलोमीटरची भुजा बाराशे किलोमीटरसारखी काम करते. पहिल्या शोधाच्या वेळी भुजांमध्ये साठलेल्या प्रकाशाची शक्ती १०० किलोवॅटच्या घरात होती.

फॅब्रिकेशनमधल्या मंडळींना भुजेची नळी पाहायला आवडेल. १.२ मीटर व्यास, जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचा स्टेनलेस स्टीलचा पत्रा, गोल-गोल गुंडाळत सलग वेल्ड केलेला. आतली हवा वातावरणाच्या दाबाच्या लाख कोटीव्या भागापर्यंत काढायची. स्टीलच्या अंगात मुरलेला हायड्रोजन आत झिरपत राहू नये म्हणून नळीतून वीज सोडून ती आठवडेच्या आठवडे तापवत ठेवली. वेल्डमध्ये सुईच्या टोकाएवढी गळती राहिली तरी सगळी मेहनत वाया. नळी चार किलोमीटर सरळ न्यायची, तर पृथ्वीची वक्रताही हिशेबात धरावी लागते, कारण तेवढ्या अंतरात जमीन मीटरभराहून जास्त खाली वळलेली असते.

इतकं करूनही गोंगाट उरतो, आणि या शास्त्रज्ञांचा बहुतेक वेळ त्याच्या मागावर जातो. हॅनफर्डला २०१७ मध्ये नोंदींत मधूनच विचित्र टकटक दिसू लागली. माग काढला तेव्हा नायट्रोजनच्या थंड पाइपवर जमलेलं बर्फ टोचणारे डोमकावळे सापडले. लिव्हिंग्स्टनजवळच्या आगगाड्या आणि झाडतोड यांचीही खबर ठेवावी लागते. प्रकाशाचे कण एकसारख्या अंतरानं येत नाहीत, त्यामुळे उजेडातच एक किरकोळ खरखर असते. ती कमी करायला २०१९ पासून खास तऱ्हेनं घडवलेला, पुंज-भौतिकीचा नियम आपल्या बाजूनं वळवणारा प्रकाश वापरतात. माझ्या मते विसाव्या-एकविसाव्या शतकातल्या यंत्रविद्येतला हा सर्वांत सुंदर भाग आहे, आणि त्याला मी एक पूर्ण प्रकरण दिलं आहे.

मापावर विश्वास केव्हा ठेवायचा, हा याहून अवघड प्रश्न. जोसेफ वेबर या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात ॲल्युमिनियमचे टनभराहून जड दंडगोल टांगले आणि १९६९ मध्ये लहरी सापडल्याचं जाहीर केलं. जगात ठिकठिकाणी तशी यंत्रं उभी राहिली. कुणालाच काही दिसलं नाही. वेबरचा दावा टिकला नाही, पण दूरदूरच्या दोन यंत्रांत एकाच वेळी नोंद व्हायला हवी, हा धडा त्याच्याच कामातून पुढे आला. लायगोची दोन केंद्रं सुमारे तीन हजार किलोमीटरवर असण्याचं कारण हेच. २०१५ ची लहर लिव्हिंग्स्टनला आधी लागली, सात सहस्रांश सेकंदांनी हॅनफर्डला. प्रकाशाला ते अंतर कापायला दहा सहस्रांश सेकंद लागतात, म्हणजे हा उशीर शक्य कोटीतला होता.

त्याआधी पाच वर्षं, सप्टेंबर २०१० मध्ये, असाच एक ठळक संकेत आला होता. शास्त्रज्ञांनी सहा महिने तो तपासला, शोधनिबंधाचा मसुदा लिहून ठेवला, आणि मग मार्च २०११ मधल्या बैठकीत पाकीट उघडलं गेलं : संकेत खोटा होता, मोजक्या लोकांनी मुद्दाम यंत्रात घातलेला. हे गट खऱ्या वेळी कसे वागतात ते पाहण्यासाठी सर्वांच्या पूर्वसंमतीनं ही परीक्षा ठरलेली होती. गेज आणि ऑपरेटर दोघांचीही पारख एकत्र करणारा जीआर अँड आर ज्यांनी केला आहे, त्यांना या शिस्तीबद्दल आदर वाटेल. २०१५ मध्येही पहिला प्रश्न हाच विचारला गेला की, हे कुणी घातलंय का? तसं काही नाही याची खात्री करून, महिनोन्‌महिने तपासून ११ फेब्रुवारी २०१६ रोजी शोध जाहीर झाला.

आणि मास्टर? आपल्याकडे प्रत्येक गेजमागे दाखला असतो, त्या दाखल्यामागे प्रयोगशाळा, तिच्यामागे राष्ट्रीय मानक. लायगोतही तसंच आहे. टोकाच्या आरशावर एक दुसरा लेझर टाकतात. प्रकाशाच्या दाबानं आरसा ठरावीक अंतर हलतो आणि मुख्य यंत्र ते किती वाचतं ते पाहतात. त्या लेझरची शक्ती मोजणारं उपकरण अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेकडून तपासून आणलेलं असतं. अणूहून कोट्यवधी पट लहान अंतराच्या मापालाही ट्रेसेबिलिटी लागते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता आपल्या मुलखाकडे वळू. चिंचवडहून तासाभरात पोचता येईल अशा पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही संस्था आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे पहिले संचालक जयंत नारळीकर. मे २०२५ मध्ये ते गेले. गोंगाटातून लहर कशी ओळखायची, यावर या संस्थेत संजीव धुरंधर यांनी फार लवकर काम सुरू केलं, जगात कुठेही लहर सापडलेली नसताना. बी. एस. सत्यप्रकाश यांच्याबरोबरचा त्यांचा १९९१ चा शोधनिबंध पायाभूत मानला जातो. कल्पना अशी : दोन कृष्णविवरं किंवा न्यूट्रॉन तारे एकत्र येताना लहरीचा सूर चढत जातो, आणि तो नेमका कसा चढेल हे वस्तुमानांवरून गणितानं काढता येतं. मग वेगवेगळ्या वस्तुमानांसाठी लहरींचे नमुने आधीच तयार ठेवायचे आणि यंत्राच्या नोंदीवर प्रत्येक नमुना सरकवत कुठला जुळतो ते पाहायचं. नमुने किती दाट ठेवायचे हा खरा पेच. फार विरळ ठेवले तर लहर निसटते, फार दाट ठेवले तर संगणक पुरे पडत नाही. २०१५ च्या शोधात असे सुमारे अडीच लाख नमुने वापरले. न्यायाची गोष्ट म्हणून हेही सांगायला हवं की त्या दिवशीची पहिली सूचना नमुने न वापरणाऱ्या दुसऱ्या पद्धतीतून आली. निव्वळ योगायोगानं असं दोन लाख वर्षांत एकदाही होणं कठीण, हे मात्र नमुन्यांच्या पद्धतीनं ठामपणे सांगता आलं. शेवटी बनलेलं कृष्णविवर कंप पावत कसं शांत होतं, याचं गणित सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्येच मांडलं होतं. ते बंगळूरचे.

नाशिक फाट्यावरून भोसरी, मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर करत नारायणगावला गेलं की जवळच खोडद आहे. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण तिथं आहे : ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, पंचवीस किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या. लायगोच्या आवाक्यात न येणाऱ्या, एकेका हेलकाव्याला कित्येक वर्षं घेणाऱ्या संथ लहरी शोधण्यात तिचा वाटा आहे. पल्सार हे अतिशय नियमित स्पंदणारे मृत तारे. त्यांची स्पंदनं वर्षानुवर्षं टिपत राहायचं आणि ती ठरल्या वेळेपेक्षा किंचित लवकर-उशिरा येतात का ते पाहायचं. अडचण अशी की वाटेतल्या विरळ वायूतले इलेक्ट्रॉन रेडिओ लहरींना उशीर करतात आणि तो उशीर सतत बदलतो. कमी वारंवारितेवर तो सर्वांत स्पष्ट दिसतो, आणि जीएमआरटी नेमकी तिथंच बळकट आहे. म्हणून तिच्या नोंदींनी इतरांच्या मापातली ही चूक वजा करता येते. २९ जून २०२३ रोजी युरोपीय गटाच्या जोडीनं भारतीय गटानं अशा लहरींचा पुरावा जाहीर केला. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि चीनच्या गटांनीही त्याच सुमारास. अजून तो पक्का शोध म्हणण्याइतका भक्कम नाही, हे त्या सर्वांनीच सांगितलं आहे.

या दुर्बिणीचा आणि आपल्या पट्ट्याचा संबंध अलीकडे कडवट झाला आहे. चाकण-मंचर-नारायणगाव मार्गे जाणारी पुणे-नाशिक रेल्वे दुर्बिणीच्या निरीक्षणांत अडथळा आणेल म्हणून रेल्वे मंत्रालयानं तो मार्ग नको म्हटलं. चाकणच्या कोंडीत रोज दोन-दोन तास घालवणाऱ्याचा संताप मला पूर्ण समजतो, आणि त्याला रेल्वे मिळायलाच हवी. पण दुर्बिणीवर राग धरण्याआधी ती तिथं काय ऐकते आणि त्यासाठी तिला किती शांतता लागते, हे त्याला कुणीतरी नीट सांगायला हवं होतं. सातवं प्रकरण त्यासाठी आहे.

लायगोचं तिसरं यंत्र मराठवाड्यात येत आहे, हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यात. नागनाथाचं ज्योतिर्लिंग आणि नामदेव-विसोबांची भेट यांमुळे महाराष्ट्राच्या ओळखीचं हे ठिकाण. पहिला शोध जाहीर झाल्यावर सहाच दिवसांनी, १७ फेब्रुवारी २०१६ ला, केंद्रानं तत्त्वतः मान्यता दिली. पूर्ण मंजुरीला मात्र एप्रिल २०२३ उजाडलं; खर्च सुमारे २६०० कोटी रुपये. ही सात वर्षं आपण गमावली, असं माझं स्पष्ट मत आहे. मधल्या काळात जगात या लहरींचे संकेत नव्वदच्या आसपास गेले आणि आपलं यंत्र कागदावर राहिलं. आयुकासह इंदूर, गांधीनगर आणि मुंबईच्या संस्था ते उभारत आहेत. यंत्राचे मुख्य भाग अमेरिकेतून येतील; नळ्या, निर्वात, इमारती आपण करायच्या.

इतक्या दूर आणखी एक यंत्र कशाला, तर दिशा कळण्यासाठी. २०१५ ची लहर कुठून आली ते दोन यंत्रांना सुमारे ६०० चौरस अंशांच्या पट्ट्याइतकंच सांगता आलं. पूर्ण चंद्र ०.२ चौरस अंशाचा असतो. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची लहर आली तेव्हा इटलीतलं व्हर्गो हे यंत्र जोडीला होतं. त्याला संकेत जवळजवळ दिसलाच नाही, आणि म्हणजे तो त्याच्या आंधळ्या कोपऱ्यातून आला असणार, एवढ्यावरून क्षेत्र २८ चौरस अंशांवर आलं. काही तासांत दुर्बिणींनी १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेत तो नवा प्रकाश गाठला. औंढ्याचं यंत्र अमेरिकेपासून इतकं दूर आहे की लहर पोचण्यातला फरक ३५-४० सहस्रांश सेकंदांपर्यंत जाईल, आणि दिशा त्या प्रमाणात नेमकी होईल. २०२४ मध्ये हिंगोलीला भूकंपाचे धक्के बसल्यावर अनेकांनी काळजी व्यक्त केली. क्वचित येणाऱ्या धक्क्यानं यंत्र काही काळ थांबतं आणि पुन्हा सुरू होतं. रोजचे ट्रक, वारा, पंप यांची कुरकुर जास्त त्रासाची असते, आणि ती ओळखायला कारखान्यात वाढलेले कान उपयोगी पडतील.

वाचण्याच्या क्रमाविषयी थोडं. पहिली चार प्रकरणं इंटरफेरोमीटर, आरसे, निर्वात आणि गोंगाट यांची आहेत. आइन्स्टाइन पाचव्यात येतो. दहाचे घातांक आणि साधी आकडेमोड यांपलीकडचं गणित फक्त सहाव्या प्रकरणात, नमुने जुळवण्याच्या भागात आहे, आणि पहिल्या वाचनात ते सोडून सातव्याकडे गेलात तरी पुढचं काही अडणार नाही.